निरंक न लिहिणारी बाई

आमच्या अकोल्याच्या कंट्रोल रूममध्ये कुणाच्या तोंडून चुकून "निरंक" निघालं, की दोन-तीन माना आपोआप कोपऱ्यातल्या खुर्चीकडे वळतात. खुर्ची आता दुसऱ्याची आहे. बेबीताई निमकर निवृत्त झाल्या त्याला दोन वर्षं झाली, आणि त्यांना जाऊन येत्या पोळ्याला वर्ष होईल. तरी तो शब्द आमच्याकडे शिवी दिल्यासारखा हळू आवाजात उच्चारला जातो.

सरकारी कागदाशी ज्याचा संबंध आला त्याला निरंक माहीत आहे. रकान्यात लिहिण्यासारखं काही घडलं नाही की लिहायचं निरंक, खाली सही ठोकायची आणि मोकळं व्हायचं. नोकरदार माणसाला याच्याइतका सुखाचा शब्द नाही. बेबीताईंनी तो सबंध नोकरीत एकदाच लिहिला. त्या एकदाची गोष्ट त्यांनी मला फार उशिरा सांगितली, आणि सांगितली नसती तर मी आजही त्यांना एक हट्टी बाई एवढंच समजत राहिलो असतो.

हट्टी तर त्या होत्याच. अठ्ठावन्नाला टेकलेल्या, ठेंगण्या, रुंद हाडाच्या. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला. चष्म्याला दोरी. दोन नातवंडांच्या आजीला "बेबी" म्हणताना बाहेरगावच्या साहेबांची जीभ अडखळायची. वऱ्हाडात हे नाव घरोघरी आहे, इथं कुणाला त्यात काही वाटत नाही. त्या पातूरच्या माळ्याची लेक. मळा रस्त्याला लागून, आणि वडील रस्त्याच्या कडेलाच वांगी-मेथीची टोपली लावून बसत. रस्ते खात्यात त्या रोजंदारीवर लागल्या वाहनं मोजायला. कडेला खुर्ची टाकून बसायचं, गाडी गेली की रेघ ओढायची. चार उभ्या, पाचवी आडवी. पुढे कायम झाल्या, आणि खात्यानं त्यांना आमच्या कंट्रोल रूममध्ये पाठवलं, तरी रेघांची सवय सुटली नाही. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून त्या काहीही मोजायच्या. लग्नाला गेल्या तर पंगतीत किती पानं मांडली हे यजमानाच्या आधी त्यांना माहीत असायचं.

त्यांच्या रजिस्टरात, जिथे बाकी सगळे निरंक लिहीत, तिथे त्या लिहीत: "पाहिलं. काही नाही." रोज. एका साहेबांनी हटकलं, की बाई, एवढ्या जागेत एक शब्द पुरतो. बेबीताई म्हणाल्या, "सायेब, काही नाई हे कोनीबी लिवते. पाह्यलं का नाई, ते कुठं लिवता तुमी?" साहेबांनी सही केली.

मी अमरावतीचा, राजापेठेच्या गर्दीत वाढलेला, म्हणजे वाहतूक हा विषय अंगवळणी पडलेला. आमच्या कंपनीनं अकोल्याहून पातूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आणि पुढच्या घाटात ठरावीक अंतरानं खांब उभे केले होते. प्रत्येक खांबावर सेन्सरची एक डबी. समोरून लोखंड गेलं की डबीला चाहूल लागते आणि ती तारेवरून अकोल्याला कळवते: एक गाडी, एवढ्या वेगाची. खांबाखांबाची तुलना करून भिंतीवरचा पडदा सांगतो, वाहतूक सुरळीत आहे, मंदावली आहे की कोंडली आहे. हिरवं, पिवळं, लाल. पडद्यामागचा प्रोग्राम मी लिहिला होता, आणि मला त्याचा गर्व होता हे कबूल केलेलं बरं.

पहिल्याच आठवड्यात बेबीताई म्हणाल्या, "इंजिनेरभाऊ, मले एक दिवस याच्यासंगं बसू द्या." मला वाटलं, बाई खोड काढायला निघाली. त्या एका खांबाशेजारी लिंबाच्या सावलीत सकाळपासून दुपारपर्यंत रेघा ओढत बसल्या. संध्याकाळी आम्ही ताळा घेतला. माझ्या डबीच्या अकरा गाड्या जास्त भरल्या. मी समजुतीचं काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "अकरा माह्या सुटल्या. मले दोनदा पानी प्या लागलं, एकदा डोया खाजवा लागला. हे बिचारं खात नाई, पेत नाई, झोपत नाई. लय गुनाचं पोट्टं हाये." त्या दिवसापासून सगळे खांब त्यांची पोट्टी झाली. आम्ही त्यांना आकडे दिले होते, त्यांनी नावं दिली: टाकीचा, लिंबाचा, आंब्याचा, वळणाचा. महिन्याभरात आम्हीही आकडे विसरलो.

तक्रार एकच होती. "मोजते बरोबर, पन इचारत काहीच नाई," त्या म्हणायच्या. नव्यानं मोजणीवर आलेल्यांना त्या जो धडा द्यायच्या तोही एवढाच होता: "दिसली त लिव. नाई दिसली त इचार." मी हसायचो. यंत्र विचारायला लागलं तर आम्ही काय करायचं, असं मी एकदा म्हणालो. "उत्तर द्याचं," त्या म्हणाल्या.

एकदा पुण्याहून आमच्या कंपनीचे मोठे साहेब पाहणीला आले. अडथळा पुढच्या खांबापाशी असताना पडदा मागच्या खांबावर का पिवळा होतो, हे त्यांना समजेना. मी तक्ते काढले, आलेख काढले. साहेबांनी घड्याळ काढलं. तेव्हा बेबीताई उठल्या आणि म्हणाल्या, "सायेब, तुमी जरा उठा. सारेच उठा."

त्यांनी आम्हा आठ जणांना व्हरांड्यात एकामागे एक उभं केलं, हातभर अंतर ठेवून. पुढे स्वतः, चौथे साहेब, शेवटी शिपाई, त्याच्या हातात फायलींचा गठ्ठा. "चाला." आम्ही चालू लागलो. निम्म्यावर बेबीताईंनी चालता चालताच चपलेचा अंगठा सारखा केला. थांबल्या नाहीत, फक्त पाऊल आखडलं. दुसऱ्याचं त्याहून आखडलं, तिसरा मी अडखळलो, साहेबांचं नाक माझ्या पाठीवर आपटलं, आणि शेवटचा शिपाई जागच्या जागी थांबला, त्याच्या फायली जमिनीवर पसरल्या. तोवर बेबीताई व्हरांड्याच्या टोकाला पोचल्या होत्या.

"पाहा," त्या वळून म्हणाल्या, "मी त चालूनच राहिली. थांबला कोन? जो मले दिसतबी नाई तो. गाडी पुढं जाते, अडचन मांगं जाते." मग खाली बसून शिपायाबरोबर फायली गोळा करता करता सांगू लागल्या. वडिलांच्या टोपलीपाशी एखादी गाडी वांग्याचा भाव विचारायला हळू व्हायची आणि टक्कर व्हायची मागे बाभळीपाशी. ज्याची टक्कर व्हायची त्यानं वांगी पाहिलेलीही नसायची. साहेब नाक चोळत होते, पण त्यांना समजलं होतं. मी चार पानांत लिहिलेलं या बाईनं चपलेच्या अंगठ्यावर समजावलं, याचं मला कौतुक वाटलं आणि थोडा रागही आला.

त्यांच्या नोकरीचा शेवटचा हिवाळा. महिनाअखेर त्या निवृत्त होणार होत्या, आणि त्याच सुमारास आमची यंत्रणा खात्याच्या ताब्यात जायची होती. एका सकाळी त्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या आणि हलेनात. "इंजिनेरभाऊ, आंब्याचा गाड्या घेऊन रायला. वळनाचा एकबी देत नाई. गेल्या कुठं?"

घाटातले हे दोन खांब लागोपाठचे, मध्ये एका हाकेचं अंतर. पडदा हिरवा होता. माझ्या प्रोग्रामात शून्याचा अर्थ सरळ होता: गाड्या नाहीत, म्हणजे गर्दी नाही, म्हणजे रस्ता मोकळा. मी म्हणालो, "थांबले असतील चहाला."

"सारेच?"

घाटाच्या पायथ्याशी आमची गस्तीची जीप उभी असे, तिच्यावर सलीमभाई. बेबीताईंनी त्यांना वायरलेसवर वर पाठवलं. थोड्या वेळानं सलीमभाईंचा आवाज आला, "ताई, मेंढ्या हायेत. सारा रस्ता भरला. मोजून आनू का?" मेंढीच्या अंगात लोखंड नसतं, डबीला ती दिसत नाही. सगळी रूम खो-खो हसली. चार दिवसांनी पुन्हा शून्य, पुन्हा जीप, पुन्हा मेंढ्या. तिसऱ्या वेळी वरातीतला बँडवाल्यांचा टेम्पो बंद पडला होता आणि मंडळी रस्त्यातच नाचत होती. सलीमभाईंना त्यांनी बुंदी खायला घातली.

मोठ्या साहेबांपर्यंत हे गेलंच. त्यांनी फोनवर हुकूम दिला: पडदा हिरवा असताना जीप हलवायची नाही, शून्य म्हणजे निरंक. आणि मला हे लिहिताना आजही बरं वाटत नाही, पण मी साहेबांच्या बाजूचा होतो.

बेबीताईंचं मागणं साधं होतं. मागचा खांब गाड्या मोजतोय आणि पुढचा शून्य दाखवतोय, असं झालं की यंत्रानं घंटा वाजवावी आणि माणसानं जाऊन पाहावं. हे त्यांना प्रोग्रामात हवं होतं, आणि त्या खुर्चीवरून उठायच्या आत हवं होतं. "मी हाये तवर मी पाहीन. मंग कोन पाहीन?" असं त्या म्हणायच्या. रोज सकाळी माझ्या टेबलावर कॅलेंडरच्या पानाचा तुकडा असे, त्यावर एकच शब्द, "घंटा?", आणि तुकड्यावर वजन म्हणून मेथीची जुडी किंवा दोन वांगी. मी मेथी घरी न्यायचो आणि त्यांना म्हणायचो, "पाहतो." माझ्या "पाहतो"चा अर्थ त्यांना कळत होता.

शेवटच्या आठवड्यात आम्ही डब्यांवरची धूळ पुसायला घाटात गेलो. काम आटोपून वळणाजवळच्या कठड्यावर बसलो. खाली पातूर ऊन खात पडलं होतं. बेबीताईंनी भाकरी सोडली, ठेचा माझ्याकडे सरकवला, पण स्वतः खाल्लं नाही. आंब्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "माही खुर्ची तिथं होती. रोजंदारीवर होती मी तवा."

मग त्यांनी सांगितलं. ते त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"पंदरा-पंदरा मिंटाचे रकाने राहे. माह्याकडं घाट उतरून पातूरले येनाऱ्या गाड्या होत्या. गाड्या लय राहे त्या दिवशी, पातूरचा बजार होता. मंग एक रकाना असा आला का एकबी गाडी नाई. मले बरं वाटलं भाऊ. पाठ दुखून रायली होती. मी त्या रकान्यात लिवलं निरंक, आन् थर्मासातला चा पेली. या वळनाच्या तिकडं काळीपिवळी जीप आडवी पडली होती. बजाराले येनारी मानसं होती तिच्यात. मांगच्या गाड्या तिकडंच अटकल्या, म्हनून मले एकबी दिसली नाई. पोचाले किती लागलं असतं मले? हे पाहा, एवढं. मी उठलीच नाई. दुसरा रकाना लागला, तरी गाडी नाई, तवा कुठं मले वाटलं का काहून बरं? गेली त दोघं संपले होते. एक त माह्यासमोर. डागदर म्हने, याले थोडं आधी आनलं असतं त वाचला असता. मले कोनी काही म्हनलं नाई. कागद बरोबरच होता ना. गाडी नाई आली, निरंक. आजबी कोनी काढून पाह्यला त बरोबरच दिसन."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि परत ठेवला. "त्या पंदरा मिंटात मी चा पेली," त्या म्हणाल्या. रडल्या नाहीत. माझ्या डोळ्यांना मात्र ठेच्याशिवायच पाणी आलं. मला लाज वाटली. त्यांनी एकदा लिहिलेला तो कागद मी प्रोग्राम करून भिंतीवर लावला होता, आणि तो रोज, दर मिनिटाला, निरंक लिहीत होता. तेही हिरव्या रंगात.

दोन दिवसांत मी घंटा बसवली. मागच्या खांबावर गाड्या, पुढच्यावर पाच मिनिटं शून्य, की घंटा. ताबा देण्याच्या दिवशी मोठे साहेब, खात्याचे अधिकारी, हारतुरे असं सगळं असताना ती वाजली. वळणाचा खांब. सलीमभाई वर गेले. थोड्या वेळानं वायरलेसवर आवाज आला, "मेंढ्याच हायेत ताई."

साहेब हसले. म्हणाले, "काढून टाका ती घंटा."

बेबीताई पुढे झाल्या. "सायेब, मेंढ्या हायेत हे तुमाले कसं समजलं?"

"आत्ता सांगितलं ना त्यानं."

"त्याले वर कोनं पाठवलं?"

खात्याचे अधिकारी पडद्याकडे पाहू लागले. आणि मी, ज्यानं वरिष्ठांपुढे कधी ब्र काढला नव्हता, म्हणालो, "साहेब, घंटा काढायची असेल तर कागदावर माझी सही नाही." साहेबांनी माझ्याकडे बघितलं, बेबीताईंकडे बघितलं, आणि म्हणाले, "राहू द्या. मेंढ्यांमागे पळून दमलात तर माझ्याकडे येऊ नका." घंटा राहिली. बेबीताईंनी त्या दिवशी रजिस्टरात लिहिलं: "पाहिलं. मेंढ्या." चार दिवसांनी त्या निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात भाषण करा म्हटलं तर म्हणाल्या, "एकशे चार मानसं हायेत, आन् खुर्च्या ऐंशी. पयले तेवढं पाहा."

त्यानंतर त्या भावाच्या मळ्यातली भाजी घेऊन सकाळी घाटात बसू लागल्या. आंब्याखाली, आपल्या जुन्या खुर्चीच्या जागी. पुतण्या सोडून जायचा, दुपारी न्यायचा. घरच्यांना ती जागा पसंत नव्हती, घाटात मेथी कोण घेतं. गाड्या थांबत नसत, पण सलीमभाई रोज एक जुडी घ्यायचे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते गेल्या उन्हाळ्याच्या तोंडावर. ताबा खात्याकडे गेला तरी देखभाल आमच्या कंपनीकडेच होती, आणि डब्या तपासायला मी घाटाखाली सलीमभाईंच्या जीपमध्ये होतो. अकोल्याहून वायरलेस आला: घंटा, वळणाचा खांब, शून्य. "मेंढ्या," सलीमभाई म्हणाले, पण गाडी त्यांनी आधीच चालू केली होती.

आंब्याखाली कुणी नव्हतं. पुढे गाड्यांची रांग लागली होती, हॉर्नवर हॉर्न, शिव्यांवर शिव्या. वळणाच्या खांबाच्या जरा अलीकडे रस्त्याच्या मधोमध बेबीताई उभ्या होत्या. पदर खोचलेला. दोन्ही बाजूंनी त्यांनी टोपल्या आडव्या लावल्या होत्या, वांगी डांबरावर पसरली होती, आणि एक ट्रकवाला त्यांना हात जोडून सांगत होता की माय, जाऊ दे. त्या म्हणत होत्या, "थांब. येऊन रायले." मेंढ्या नव्हत्या. त्यांच्या टोपल्यांशिवाय रस्त्यावर अडथळा काहीच नव्हता.

मला पाहताच त्यांनी मनगट उलटं करून घड्याळ पाहिलं आणि कठड्याच्या खाली बोट दाखवलं. टरबुजांचा एक पिकअप कठडा फोडून उतारावर पळसाच्या झाडांत अडकला होता. रांगेतली दोन माणसं त्यांनी आधीच खाली धाडली होती. चालकाचा पाय अडकला होता, रक्त जात होतं, पण माणूस बोलत होता. स्ट्रेचर घेऊन आम्ही उतरलो, दार वाकवून त्याला काढलं आणि वर आणून जीपमध्ये घातलं. बेबीताईंनी स्वतःच्या लुगड्याची पट्टी फाडून त्याची मांडी आवळली.

"नऊ मिंटं लागले तुमाले याले," त्या मला म्हणाल्या.

मी विचारलं, "ताई, रस्ता का अडवला? पिकअप तर खाली होता."

"म्हनूनच त. खाली गेलेली गाडी वरून कोनाले दिसते? साऱ्या चालूनच रायल्या होत्या, हात केला त कोनी थांबे ना. तुमचा पडदा हिरवाच रायला असता. फोनाले इथं रेंज नाई. मंग मी म्हनलं, शून्यच करून टाकू. शून्य झालं का तुमी येता, हे मले मालूम हाये." त्यांनी दम घेतला. "त्या नवातले पाच तुमच्या घंटीचे हायेत, भाऊ. ते तीन करा."

सलीमभाईंनी हाक मारली, मी मागे चढलो, चालकाचं डोकं मांडीवर घेतलं. जीप उताराला लागली. मागच्या काचेतून बेबीताई दिसत होत्या. त्यांनी टोपल्या बाजूला ओढल्या आणि एका हातानं गाड्यांना वाट देत होत्या, एक इकडची, एक तिकडची. दुसऱ्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता.

संध्याकाळी अकोल्याला येऊन मी पाचाचे तीन केले. साहेबांना विचारलं नाही. मग रजिस्टर उघडलं आणि त्या दिवसाच्या रकान्यात लिहिलं: "पाहिलं. माणूस जिवंत आहे."